मागाचा माग

“पप्पा, कॅसेट मागं घ्या ना! आजीचं गाणं पुन्हा!”

मृणालीनं हट्ट धरताच कैलासनं चालत्या पिकअपमध्येच बटण दाबलं. माण तालुक्यातल्या आजीनं घोंगडी विणता विणता भरून पाठवलेला आवाज खरखरला:

पाय माझे भुईच्या पोटी, हात माझे लोकरीवरी,
धोटा जाई सासराला, फिरून येई माहेरी!

“धोटा कोण?” शेजारच्या नावेदनं विचारलं.

“शटल रे! धागा घेऊन इकडून तिकडं पळतं ते,” मृणाली म्हणाली.

१९९४ची हिवाळी सुट्टी. मृणाली, नावेद आणि त्याची धाकटी बहीण जिकरा आखातातल्या झिंज या वस्तीतून निघाली होती. बुदैयाच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात कैलासनं त्यांना उतरवलं. “मुनाफचाचांना त्रास देऊ नका. मी हाजी अब्बासना इस्पितळातून घेऊन येतो. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं.”

रत्नागिरीचे मुनाफचाचा कंत्राटदाराचे सुपरवायझर. हाजींचा बकऱ्यांचा जुना गोठा पाडायचं काम त्यांच्याकडं होतं. खजुरीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या एका दगडी खोलीवर पाडायची खूण म्हणून त्यांनी लाल फुली मारलेली होती.

मुलं आत शिरली. जमिनीत एक खड्डा होता, आणि त्याची कड बसून बसून गुळगुळीत झालेली. मृणाली कडेवर टेकली आणि तिचे पाय आपोआप खाली गेले. पाय माझे भुईच्या पोटी!

“माग!” ती किंचाळली. “माग सापडला!”

नावेद लगेच वाकून जमीन न्याहाळू लागला. “कुणाचा? चोराचा? कुठायत फूटप्रिंट्स?”

“अरे येड्या, विणायचा माग! लूम! आजी अश्शीच बसते. हा गोठा नाहीच!”

तिघं बाहेर धावली.

“चाचा, हे विणकराचं घर आहे!”

“कसलं घर? आत लोकर पडलीय, बघितली नाय? बकऱ्यांचीच ती. बुलडोझर आला की खलास!”

जिकरानं मूठ उघडली. “चाचा, ही लोकर लाल आहे. तुम्ही लाल बकरी पाहिलीत?”

“यल्ला, चला, बाजूला व्हा! मला शिकवू नका!”

मृणालीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. लोकर दिसली की यांना बकरी दिसते! विणणारा माणूस दिसतच नाही! उद्या माझ्या आजीच्या घरालाही गोठाच म्हणतील!

तेवढ्यात बुलडोझरची घरघर ऐकू आली.

“आत चला!” ती म्हणाली. खड्ड्यासमोरच्या भिंतीत खाली एक भोक होतं. त्याला डोळा लावून जिकरा ओरडली, “समोर झाडाखाली एक खुंटी दिसतेय!”

“आजीचे उभे धागे अशाच खुंटीला अंगणभर ताणलेले असतात! नावेद, कोनाड्यात लाल लोकरीचा गुंडा आहे, तो आण!”

लाल धागा खड्ड्यापासून निघाला, भोकातून बाहेर पडला आणि वाट ओलांडून थेट खुंटीला बांधला गेला, तोही अगदी सरळ रेषेत! धाग्यापलीकडं तिघं हात धरून उभी राहिली. बुलडोझर धापा टाकत थांबला.

“पोरांनो, हटा!” मुनाफचाचा गरजले.

“नाही हटणार! बकऱ्या असा धागा ताणतात का, सांगा!”

चाचांची नजर खुंटीवरून भोकाकडं गेली आणि परत खुंटीवर आली. ते वाकून भोकातून आत डोकावले.

एवढ्यात पिकअप आली. एका डोळ्याला पट्टी बांधलेले हाजी खाली उतरले. लाल फुली दिसताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. “ये क्या किया? बकरी का घर तो पीछे है! डॉक्टर बोला, अब फिर बुन सकता. कहाँ बैठ के बुनेगा मैं?”

“चुकलो, हाजी,” मुनाफचाचा पुटपुटले. “आत शिरून नीट बघितलंच नाय मी. ही पोरं नसती तर...” बुलडोझरला त्यांनी हातानंच मागं फिरवलं आणि फुली पुसायला स्वतः फडकं घेतलं.

“शाब्बास, मृणाली!” कैलासनं तिच्या पाठीवर थाप मारली. “कॅसेटमधून तुझ्या आजीनंच घर वाचवलं म्हणायचं!”

हाजी धाग्याजवळ गेले. त्यांनी बोटानं तो छेडला आणि कान देऊन ऐकला. मग आपला उघडा डोळा मिचकावला.

“माशाल्ला! बहोत अच्छा बच्चा लोग! लेकिन धागा... ढीला! बहोत ढीला! कल आओ. मैं सिखाएगा.”