दुपारची कॅप्सूल

कल्पना करा, तुम्ही नुकतेच शाळेतून आला आहात. कामावरून आलेली आई चपलाही न काढता आधी बाथरूममध्ये पळते. बाहेर येते आणि कॅप्सूलची पट्टी केराच्या डब्यात टाकते. तुम्ही काय कराल?

भुंगीने पट्टी उचलली. सतत प्रश्नांची भुणभुण लावायची, म्हणून घरात तिला भुंगी म्हणत.

"नको ती. गिळली की घशात निखारा अडकल्यासारखं होतं," आई म्हणाली. "औषधवाल्याने खोटा माल गळ्यात मारला."

आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. सुई बोटात घुसून बोट टम्म सुजलं होतं. औषध सोडलंत तर बोट गमावाल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"सकाळच्या कॅप्सूलनेही जळजळतं?" भुंगीने विचारलं.

"नाही. दुपारच्याच."

"आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी?"

आईने आठवून पाहिलं. "तेव्हा नाही झालं."

"पट्टी हीच ना? मग औषधवाल्या काकांना कशाला शिव्या?"

भुंगीने आईची पिशवी उघडली. डबा रिकामा, पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली.

"पाणी प्यायलीच नाहीस?"

"वेळ नसतो गं."

"जेवायला होता की. तिथे बाथरूम नाही का?"

"आहे. कुलूप असतं."

"किल्ली कोणाकडे?"

"भुंगे, गप बस."

भुंगी गप बसली नाही. ती औषधाच्या दुकानात गेली.

"काका, कॅप्सूल कोरडीच गिळली तर काय होतं?"

"आल्या वकीलबाई," काका म्हणाले. त्यांनी स्टीलच्या ताटलीत पाण्याचे चार थेंब टाकून वर एक कॅप्सूल ठेवली. थोड्या वेळाने ताटली उभी केली. कॅप्सूल पडेना, गोंद लावल्यासारखी चिकटून बसली. मग दुसरी कॅप्सूल ठेवून लगेच पेलाभर पाणी ओतलं. ती सर्रकन घसरून गेली.

सकाळी भुंगी आईबरोबर कारखान्याच्या फाटकाशी गेली. सुपरवायझर तिथेच उभा होता. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला किल्ली लटकत होती.

"पोरीला कशाला आणलंस?" तो आईवर खेकसला.

"मीच आलेय," भुंगी म्हणाली. "आईचा घसा कोणी भाजला, ते सांगायला."

आत जाणाऱ्या बाया थबकल्या.

"कॅप्सूल चांगली आहे. घरी आई पेलाभर पाण्याबरोबर घेते, ती सरळ पोटात जाते. इथे बाथरूमला कुलूप. पाणी प्यायलं तर जायचं कुठे? म्हणून आई कॅप्सूल कोरडीच ढकलते. ती अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि आतून भाजते. आई औषध सोडायला निघाली होती. तिचं बोट गेलं असतं. कुलूप तुम्ही लावता."

"कामाचा खोळंबा होतो, म्हणून लावतो."

"साहेब, तुम्ही स्वतः दिवसातून कितींदा जाता?" मागून एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

सुपरवायझर आईकडे वळला. "कायमची घरी बसवू का तुला?"

आईचा चेहरा उतरला. पण हसणाऱ्या बाया आत गेल्या नाहीत. एकेक करत त्या आईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आत एकही मशीन सुरू झालं नव्हतं.

आईने पिशवीतून बाटली काढली, सकाळची कॅप्सूल तोंडात टाकली आणि सुपरवायझरच्या डोळ्यांत बघत घटाघटा पाणी प्यायली.

भुंगी दोन पावलं पुढे झाली आणि तिने हात पसरला.

"आता किल्ली द्या."