चरबीचा घास

"तोंड उघड, बाळा!" मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा थरथरता, पांढराशुभ्र तुकडा सायराकान आपल्या मुलाच्या, बाकासच्या ओठांशी नेत होती... आणि पाहुण्यांनी भरलेल्या त्या बैठकीत तिच्या लेकीनं, झिपारनं, तिचा हात मधेच धरला!

वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या हातानं भरवलेला घास म्हणजे आशीर्वाद. किर्गिझस्तानच्या डोंगराळ नारीन प्रांतात तो कुणी अडवत नाही.

"कैदाशिणी! भावाच्या तोंडचा घास काढतेस? नवऱ्याचं घर नको म्हणालीस, ते इथं राहून माझ्या पोराला उपाशी मारायला?"

झिपारनं मान खाली घातली. ते घर तिनं कुणासाठी नाकारलं होतं! बाकास मनोरुग्णालयातून परतला, आणि सोयरीक ठरल्याची खूण म्हणून होणाऱ्या सासरच्यांनी कानांत घातलेली कर्णफुलं तिनं मुकाट्यानं परत पाठवली. मनाच्या औषधांनी तो शांत झाला, पण अंगानं सुटला, रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं. वडील ऐन चाळिशीत हृदयविकारानं गेलेले, म्हणून डॉक्टरांनी ते उतरवायची गोळी दिली, चरबी बंद केली. आणि तेव्हापासून... गोळीमुळे की आणखी कशानं, तिला काय ठाऊक. पण चहा गार झाला एवढ्यावरून तिचा तो गरीब भाऊ अंगावर धावून येऊ लागला. ती म्हणायची, बर्फावर पडले. खरं कळलं असतं तर काकांनी त्याला पुन्हा कुलपाआड धाडलं असतं, आणि या एकाच भीतीपोटी ती सारं सोसत होती.

"सोड!" आईनं हिसडा दिला. झिपारची बाही वर सरकली. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ!

"अगं... बर्फावर पडलीस ना तू?"

"हो, आपा," ती आईला म्हणाली.

"नाही पडली," बाकासचा आवाज फुटला. "माझी बोटं आहेत ती." तो थोरल्या बहिणीकडे वळला. "एजे, माझ्यासाठी किती खोटं बोलशील गं?"

"मग न्या त्याला परत," कोपऱ्यातून काका गरजले.

"आधी माझ्या मढ्यावरून जा!" सायराकान मुलापुढे उभी राहिली. "डॉक्टरला विचारू, मग बोला."

डॉक्टरांनी बाकासचे कागद उलटून पाहिले. "गोळीनंच असं होतं, असं छातीठोक सांगता येत नाही. काहींना तशी शंका येते, काहींना पटत नाही. थांबवून पाहू, मनाची औषधं मात्र चालूच राहतील. पण याचं हृदय वडिलांवर गेलंय, हे विसरू नका."

"थांबवा," बाकास म्हणाला. "थोडं कमी जगलो तरी चालेल, डॉक्टर... पण हे हात माझे राहू देत!"

हिवाळा सरला तसा तो निवळला. गोळी थांबल्यानं की पाप बोलून टाकल्यानं, कुणास ठाऊक!

नोरूजच्या सणाला पुन्हा मेंढी शिजली. सायराकाननं चरबीचा तुकडा उचलला, आणि तो लेकीच्या ओठांशी नेला.

"तोंड उघड, माझे बाई... तुझ्या या आंधळ्या आईला पदरात घे!"

झिपारच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं घास घेतला. अंगणात बाकास लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा आवाज एकाएकी थांबला. तिनं खिडकीतून पाहिलं. तो ओंडक्यावर बसला होता, एक हात छातीवर दाबून, आणि ती बघतेय हे लक्षात येताच कसनुसा हसला.

तोंडातला घास तिला गिळवेना.