निजलेल्या पाकोळ्यांची कपार

झोपलेली पाकोळी, म्हणजे चिमुकलं वटवाघूळ, आणायची होती. जिवंत, आणि तिची झोप न मोडता! एवढ्यासाठी पौषातल्या गारठ्यात आम्ही तिघं जाफराबादेहून कोल्ह्याच्या डोंगराकडे निघालो.

प्रियदर्शनी माझ्या मित्राची लेक. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेंदूवर काम करते. अंगद मध काढतो, माझा लंगोटीयार. मी जीप चालवतो. वनखात्याचा परवाना, हातमोजे, मास्क आणि बर्फाची पेटी तिच्या पाठीवर होती.

डोंगर दिसला आणि माझं टाळकं फिरलं. निम्मा खडीवाल्यांनी खाल्लेला. जिथं सालईच्या झाडाखाली बसून अंगद आणि मी टेंभरं खायचो, शेळ्या कुठं गेल्या ते विसरायचो, तिथं पांढराफटक खड्डा. विकास म्हणे! ज्यांनी हा डोंगर विकला त्यांनी तो एकदा तरी पायी चढला होता का? पाकोळ्यांची कपार तेवढी वाचली होती. त्यांच्या मेहेरबानीनं नव्हे, तिथवर यंत्र पोचलं नव्हतं म्हणून.

"ताई, एवढुश्या वटवाघळाचं करणार काय?" चढताना अंगदनं विचारलं.

"काका, हिवाळ्यात यांना किडे मिळत न्हाईत. मंग मेंदूच हुकूम देतो, अंगातली शेकोटी मंद करा. काळीज सावकाश, श्वास सावकाश. शेपटीच्या बुडाशी साठवलेल्या चरबीवर उन्हाळ्यापर्यंत काढायचं. हा हुकूम मेंदूतल्या कोणत्या पेशी सोडतात, ते मी शोधून राह्यले. उद्या कुणाच्या मेंदूला रक्त कमी पडलं, तर त्यालाही असंच मंद ठेवून वाचवता येईल कदाचित."

"मेंदू बघायचा म्हंजे कापायचा?"

"हो. एकीचा."

अंगदनं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मी विचारलं, "आन् न्हाई भेटली तर?"

"तर पाकोळ्यांचं काम बंद. सर म्हणाले, उंदरांवर कर. चार वर्षं या कपारीची स्वप्नं बघितली काका. बाबा सांगायचे ना, तुम्ही तिघं इथं यायचे म्हणून."

कपारीच्या तोंडावर आग्या मोहोळ लटकलं होतं. काळं, गच्च. अंगद हळूच म्हणाला, "गारठ्यात सुस्त असतंय. ऊन चढायच्या आत बाहेर या." आणि घोंगडं पांघरून दगडाआड बसला.

आम्ही सरपटत आत शिरलो. कोपरं सोलली. वळणावर माझा खांदा अडकला. लहानपणी इथून मी सापासारखा सुळकन जायचो! श्वास सोडला, पोट आत घेतलं, निसटलो. पुढं खोली उघडली आणि तोच जुना वास आला, पाकोळ्यांच्या लेंड्यांचा, उबट, नाकात झोंबणारा. क्षणभर वाटलं, प्रियदर्शनीचा बाप मागून माझी चड्डी ओढणार. तो जाऊन किती दिवस झाले!

तिनं लाल उजेडाची बॅटरी लावली. छतभर पाकोळ्या, वाळल्या पानांसारख्या. तिनं तापमान बघायचं यंत्र लांबूनच धरलं.

"भिंत आणि पाकोळी, दोन्ही सारख्याच गार," ती कुजबुजली. कडेच्या एका पाकोळीकडे तिनं हात पुढं केला.

आणि धुराचा वास आला.

गोवरी आणि लिंबाचा ओला पाला. मी ओळखलं. माश्या हलल्या असणार आणि आम्ही बाहेर येताना फोडून खातील म्हणून अंगदनं धूर केला असणार. आमच्याकडची रीतच ती. कुठल्याही बिळात, कपारीत जायचं तर आधी धूर. पण आम्ही यायचो उन्हाळ्यात. तेव्हा धूर बाहेर जायचा. हिवाळ्यात आतली ऊब वरच्या भोकातून निघते आणि खालचं तोंड हवा आत ओढतं. तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं!

छत थरथरू लागलं. एक पाकोळी, मग दहा, मग अर्धं छत.

"उठून राह्यल्या," प्रियदर्शनी म्हणाली. "जागं व्हायला थरथरून थरथरून अंग तापवावं लागतं. त्यात कितीतरी दिवसांची चरबी जळते. काका, धूर बंद करा. जल्दी."

मी उलटा फिरलो. धूर अंगावर आला. डोळे मिटले. हातांनी दगड चाचपले. वळण! खांदा अडकला. खोकला आवरेना. कातडी गेली तरी चालेल म्हणून जोर मारला. सुटलो! तोंडाशी पोचलो आणि पेटत्या गोवऱ्यांवर दोन्ही हातांनी माती लोटली.

धूर विझला. आणि मोहोळ सुटलं!

मानेवर डंख. कानावर. पापणीवर. अंगदनं मला दगडाआड ओढलं, वर घोंगडं टाकलं आणि स्वतःही त्यातच घुसला.

"येड्या, धूर काहून विझवला?"

"आत जाऊन राह्यला होता. सगळ्या मरतील."

"मंग आता हलू नको. श्वास बी धीरे घे."

पडून राहिलो. घोंगड्यावर माश्या गारा पडल्यासारख्या आपटत होत्या. आत मेंढीचा आणि बिडीचा वास. शेळ्या राखताना थंडी वाजली की याच वासात आम्ही तिघं एकमेकांना चिकटून गप पडायचो. भाकरी संपलेली असायची, घर लांब असायचं. तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं, पण मंद कसं व्हायचं ते अंगालाच कळायचं.

आवाज ओसरला. बऱ्याच वेळानं प्रियदर्शनी बाहेर आली. पेटी उघडी, रिकामी.

"एक बी निजलेली न्हाई राहिली?" अंगदचा चेहरा पडला. "माझ्यामुळं झालं, ताई."

"होत्या. आतल्या फटीत गाढ होत्या. पण तिथं जायचं तर थरथरणाऱ्यांच्या मधून जावं लागलं असतं. त्या परत गार होऊन राह्यल्या काका. दुसरा धक्का झेपला नसता. मी एक मारायला आल्ते, सगळ्या न्हाई."

उतरताना ती माझ्या मानेतले काटे नखानं काढत होती. पाणी मात्र तिच्याच डोळ्यांतून येत होतं. धुराचं म्हणाली.

होळी झाली. पळसाची फुलं गळायला लागली. एका संध्याकाळी अंगद आणि मी खड्ड्याच्या काठावर बसलो होतो. कपारीच्या तोंडातून एक काळा ठिपका सुटला. मग दुसरा. मग धाराच लागली! अंगदनं माझा फोन ओढला आणि पुण्याला लावला.

"ताई, उठल्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकून राह्यली का? तुझे उंदीर काय म्हणतात?"

"उपाशी ठेवलं की पेंगतात," ती म्हणाली. "बरेयत. काका, फोन बंद करू नका. तसाच वर धरा."

अंगदनं हात उंच केला. डोक्यावरून पंख जात राहिले.