फ्लोट काढलेलं मशीन

मशीन बिघडत नाही, वापरणारे बिघडवतात, हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. म्हणून बहुधा माझ्या दुकानात गप्पा मारायला कुणी थांबत नाही. ओला-सुका दोन्ही कचरा ओढणारे मोठे व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करणं हा माझा अठरा वर्षांचा धंदा. टाकीच्या तळाचा गाळ बघून मशीन कुठल्या जागेतून आलंय ते मी सांगू शकतो. भुताखेतांचं मला विचारू नका. मी गॅस्केटवर विश्वास ठेवणारा माणूस.

हे मशीन ताईनं आणलं. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, एका सातमजली ऑफिसात सफाईचं काम करते.

"चौथ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत नेलं की रडायला लागतं बघ," ती म्हणाली. "बाकी सगळीकडे गुणी बाळ."

रडणं म्हणजे काय ते मला कळलं. टाकीत पाणी काठोकाठ आलं की आतला पोकळ चेंडू, आम्ही त्याला फ्लोट म्हणतो, तो तरंगत वर जातो आणि हवेचं तोंड बंद करतो. पाणी मोटरमध्ये शिरू नये म्हणून ही सोय. मग मोटर चिरक्या आवाजात ओरडते आणि ओढणं थांबतं. पण ताई तिथे कोरडा गालिचा साफ करत होती. पाणी आलं कुठून?

"सुपरवायझर म्हणतो, आणखी एकदा ती खोली अर्धवट राहिली तर येऊ नकोस. या वयात मला दुसरं काम कोण देणार रे?"

मी फिल्टर झटकला, झाकणाचं रबरी गॅस्केट बदललं, टाकी भरून आणि रिकामी करून दहा वेळा चालवून पाहिलं. सुतासारखं सरळ चाललं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"तिथे नेलं आणि पुन्हा रडलं. तुझ्या हाताला यश आहे म्हणे. कुठल्या हाताला ते तरी सांग."

माझा पारा चढला. सुपरवायझरची कशीबशी मनधरणी करून एक दिवस मागून घेतला आणि दुपारी स्वतःच गेलो.

लांब टेबल, चौदा खुर्च्या, राखाडी गालिचा, एक न उघडणारी खिडकी. नळ नाही, भिंतीतून पाइप नाही. वरचा मजलाही बघून आलो. ताईनं सवयीनं दार लावून घेतलं, कारण आवाज झाला की बाहेर कॉम्प्युटरवर बसलेली मंडळी ओरडतात. मी मशीन सुरू केलं. मिनिटभरात ते चिरकलं. झाकण उघडलं तर टाकी ठणठणीत कोरडी, आणि फ्लोट मात्र त्याच्या पिंजऱ्यात वर जाऊन बसलेला.

"अडकलाय," मी म्हणालो आणि बोटानं दाबला. अडकलेला नव्हता. दाबला की खाली जायचा, सोडला की वर यायचा. बाहेर काढला, पुसला, गालिच्यावर ठेवला. हात काढल्याबरोबर तो उठला. माझ्या गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबला आणि तिथेच हवेत डुलत राहिला.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"गालिच्यात वीज साठते," मी म्हणालो. "प्लास्टिक हलकं असतं, उचललं जातं."

"माझे पायपण इथे जड होतात. तेही विजेनंच का?"

"गप गं. वय झालंय तुझं."

खरं सांगतो, माझा माझ्याच उत्तरावर विश्वास नव्हता. पण डोळ्यांसमोर ताईचं काम होतं. मग मी तेच केलं ज्यासाठी इतर मेकॅनिकांना शिव्या घातल्यात. फ्लोट खिशात टाकला आणि त्याच्याविना झाकण लावलं. मशीन रडायचं थांबलं. ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर लपवावा, त्यातली गत. सुपरवायझर दारातून डोकावून मान डोलावून गेला आणि ताईचा चेहरा खुलला. फ्लोट माझ्या खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मशीन झकास. पण त्या खोलीत कंबरेपर्यंत गार लागतं रे."

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छातीवर दाब येतो. वाकलं की कानाला दडे बसतात."

"उद्या सुट्टी टाक," मी म्हणालो.

"आत्ता कुठे काम वाचलंय, आणि सुट्टी टाकू?"

चौथ्या दिवशी फोन आला नाही. मी केला, तिनं उचलला नाही. पुन्हा केला. मग दुकान उघडं टाकून पळालो.

खोलीचं दार बंद होतं. आतून मशीनचा संथ, एकसुरी आवाज येत होता. असा सुरेल आवाज ऐकला की एरवी मला बरं वाटतं.

दार उघडलं. खिडकीतून दुपारचं स्वच्छ ऊन आलं होतं.

खिशातला फ्लोट काढून मी आत टाकला. तो खाली पडला नाही. वर गेला, माझ्या डोक्याच्याही वर, आणि ट्यूबलाइटला टेकून डुलत राहिला.

टेबलापलीकडे ताई गुडघे टेकून बसली होती. हातात नळी.

"ताई!"

तिनं मान वळवली. फार सावकाश. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

तिची वेणी डोक्याच्या वर सरळ उभी होती.

मी छातीभर श्वास घेतला, तोंड मिटलं आणि आत गेलो. पाऊल उचलता उचलेना. तिच्या दंडाला धरलं आणि ओढत, रेटत बाहेर काढलं.

कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं भिंतीला टेकून फरशीवर बसलो. तिचे कपडे कोरडे, केस कोरडे. ती खोकत होती, माझा हात सोडत नव्हती. पण श्वास घेत होती. वेणी खांद्यावरून घसरून फरशीवर पडली होती. माझा जीव भांड्यात पडला.

"अहो," कॉम्प्युटरमागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "दार लावा ना ते. किती आवाज!"

मी दाराकडे पाहिलं. ते सताड उघडं होतं.

मग ताईकडे पाहिलं. तिच्या वेणीचं टोक फरशीवरून हळूच वर उचललं जात होतं.