नाडी बहात्तर

दवाखान्याचं ॲप बनवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. रुग्णाची नाडी नातेवाइकांना घरबसल्या दिसायला हवी होती. दवाखान्याचा खरा सर्व्हर तयार व्हायला महिना होता, म्हणून तिने आपल्याच लॅपटॉपवर एक खोटा उभा केला. ॲपने विचारायचं आणि त्याने फाईलमधलं ठरलेलं उत्तर पोपटासारखं द्यायचं, बस्स. चाचणीला एक रुग्ण लागतो, तर कंटाळा करून तिने आईचीच माहिती भरली. या कामात सगळेच घरच्यांना असं वेठीला धरतात. नाडी टाकली बहात्तर. आई तर घरी ठणठणीत होती.

दुपारी साडेतीनला ॲपवर अडुसष्ट दिसलं.

फाईलमध्ये बहात्तरच होतं. शेजारच्या टेबलावरचा, सगळे ज्याला चष्मिस म्हणत, तो हसला. "तूच बदलून विसरली असशील. जेवण अंगावर आलंय तुझ्या."

तेवढ्यात साठ झालं. तिने घरी फोन लावला.

"पडलेय गं जरा," आई म्हणाली. "हातापायातलं बळच गेलंय... तू जेवलीस का?"

घर सहा तासांवर होतं. तिने शेजारच्या काकूंना फोन केला. "काकू, डॉक्टरांना घेऊन आईकडे जा ना... आत्ताच्या आत्ता!"

मग ती फाईलवर तुटून पडली. बहात्तर पुन्हा लिहिलं, ऐंशी लिहिलं. ॲपवर एक्कावन्न. खोटा सर्व्हरच बंद केला. आता नुसतं 'संपर्क नाही' यायला हवं होतं. आलं त्रेचाळीस. चष्मिसने नेटची वायर उपटली, तरी अडतीस. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खोलीत कुठूनसा औषधांचा वास येऊ लागला होता.

"हे... कोण पाठवतंय?" त्याने हळूच विचारलं.

तिने परत फाईल उघडली.

आकडा पुसला गेला. त्या जागी तिने कधीच न लिहिलेली ओळ आली: नातेवाइकांना कळवले, ४.१०.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

तिने आपला फोनच बंद करून टाकला. बातमी पोचलीच नाही तर ती खरी होणार नाही, असं वेड्यासारखं वाटलं तिला. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

चार दहाला चष्मिसचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"तुझ्या काकू आहेत... पण माझा नंबर त्यांना दिला कुणी?"