करकरणारा डावा बूट

नायिकेनं नायकाच्या थोबाडीत एकदाच मारली होती. पण हिंदी सिनेमात एका थपडेनं कुणाचंच भागत नाही. ती समोरून दिसायला हवी, मग बाजूनं, मग छताला टांगलेल्या झुंबरातून. तिन्ही वेळा आवाज वेगळा, आणि तिसरा असा की वीज कोसळावी. ती वीज पाडायला एक तरुणी स्टुडिओतल्या आवाजाच्या खोलीत गुडघ्यांवर बसली होती, आणि ओल्या चामड्यावर तळहात आपटून आपटून तिचा हात टोमॅटोसारखा लाल झाला होता.

हेच तिचं काम. शूटिंगच्या गोंगाटात पावलं, बांगड्या, दारं यांचे आवाज नीट येत नाहीत. म्हणून नंतर कुणीतरी पडद्याकडे बघत बघत ते पुन्हा काढायचे. मोडणारी हाडं म्हणजे कच्ची काकडी. धडधडणारं काळीज म्हणजे लोडावरची मूठ. नायकापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांची पावलं हिचीच, त्यासाठी पेटीभर चपला-बूट. स्टुडिओत तिला चप्पलबाई म्हणत. आधी राग यायचा. आता राग यायचाही कंटाळा आला होता.

तिसऱ्या थपडेसाठी हात वर गेला, तोच मागचं दार उघडलं आणि— कर्रर्र!

"कट!" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले काका ओरडले. "कोण कडमडलं?"

दारात एक शिडशिडीत माणूस. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली जागरण.

"सॉरी... शेठची खोली इकडेच ना?"

"बाहेर लाल दिवा लागलाय, तो काय शोभेला?" ती म्हणाली.

"या धंद्यात सगळंच शोभेला असतं, म्हणून वाटलं..."

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. "डावा."

"काय डावा?"

"बूट. डावा करकरतो. उजवा बरा आहे."

"तेल घातलं होतं हो मी त्याला."

"बुटाला तेल? बिजागरी आहे का ती?"

काका खो खो हसले. "अगं, लेखक आहे तो या सिनेमाचा. कॉपीमास्तर! शेठ परदेशी सिनेमा हातात ठेवतो, हा उतरवून देतो."

"उतरवून काय, काका," तो दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणाला. "बर्फाच्या जागी पाऊस घालतो. बापाच्या जागी आई घालतो. तिकडे कुत्रा मरत असेल तर इकडे धाकटा भाऊ मारतो. कष्ट असतात त्यात!"

"म्हणजे चोर," ती म्हणाली.

"हमाल. माल दुसऱ्याचा, पाठ माझी."

तिला हसू आलं. त्या खोलीत ती कितीतरी दिवसांनी स्वतःच्या आवाजात हसली. नाहीतर नायिकेच्या मैत्रिणींचं खिदळणंसुद्धा तिनंच काढायचं.

मग तो येतच राहिला. दुपारी, चहाच्या वेळेला. अट एकच, बूट दाराबाहेर. मग तो मोज्यांवर आत यायचा, आणि मोज्याच्या भोकातून त्याचा अंगठा बाहेर डोकावायचा.

"अंगठा झाका," ती म्हणायची.

"त्याला सिनेमाची आवड आहे. बघू द्या की."

पडद्यावर नायक दहा गुंडांना लोळवत असायचा. बंद गोदामात, वारा नसताना, त्याचं जाकीट फडफडायचं. ती शेजारी जुनी चादर झटकत बसायची आणि हा चादरीचं दुसरं टोक धरायचा.

"गोळी दंडाला लागलीय," ती म्हणायची, "मग हा लंगडतोय कशाला?"

"मूळ सिनेमात पायाला लागली होती. शेठला नाच हवा होता, म्हणून मी ती वर सरकवली. लंगडणं काढायचं राहिलं."

"आणि आंधळ्या आईला शेवटी दिसायला लागतं ते?"

"ते माझं नाही! ते शेठच्या सासूबाईंनी सुचवलं."

ती हसायची. चादर झटकताना बोटं बोटांना लागायची... दोघंही पडद्याकडेच बघायची, जणू काही झालंच नाही. पण पुढच्या मारामारीला ती मुद्दाम लहान चादर काढायची.

त्याचं म्हणाल तर हुशार माणूस होता. गोष्टी लिहायच्या म्हणून या धंद्यात आला, आणि पहिल्याच दिवशी शेठनं सांगितलं, स्वतःचं कशाला, चाललेलं आण. वर्षानुवर्षं तेच. असल्या धंद्यावर थुंकावंसं वाटतं. पण थुंकायचं तरी कुणावर? पैसे फेकून टाळ्या पिटणारे आपणच.

एका दुपारी वीज गेली. काम थांबलं. दोघं मागच्या पायऱ्यांवर येऊन बसली. पलीकडे मोकळ्या जागेत कुठल्याशा गाण्याचं शूटिंग चाललं होतं, टँकरच्या नळीतून पाऊस पडत होता. वरती लख्ख ऊन, आणि वाऱ्याबरोबर त्या खोट्या पावसाचे तुषार हिच्या गालावर.

"कंटाळा आलाय," ती म्हणाली. "लोकांची प्रेमं वाजवून वाजवून. माझ्या घरी दार वाजलं तरी वाटतं, पुन्हा घ्यायला हवं."

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू चालतेस ना... तेव्हा मला नेहमी एक पाऊल कमी ऐकू येतं. वाटतं— ते माझं असायला हवं होतं."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

आता हिनं किती प्रेमं ऐकली असतील! विमानतळावरची, डोंगरावरची, मरता मरता केलेली. कशाकशानं हिचा श्वास हलला नव्हता. आणि या एका वाक्यानं तो अडखळला. पावलं हा तिचा धंदा. तिच्याच धंद्याच्या भाषेत कुणी तिला मागणी घालेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती एक पायरी खाली सरकून त्याच्या शेजारी बसली.

संध्याकाळी घरी मावशीला सांगितलं. आईमागे मावशीनंच तिला वाढवलेलं.

"काय करतो?" मावशीनं विचारलं.

"लिहितो."

"स्वतःचं?"

"मावशी, तू पण ना!"

"विचारलं आपलं. तुझा चेहरा बघून काळजी वाटते गं. इतकी खूश तू गेल्या कित्येक वर्षांत दिसली नाहीस."

पुढच्याच आठवड्यात शेठचा निरोप आला. कथेच्या मध्यावरचा मोठा प्रसंग आहे, आवाज मुळाबरहुकूम हवेत. सोबत मूळ परदेशी सिनेमाचा तुकडा. हीसुद्धा तिथली रीतच. आधी मूळ बघायचं, मग नक्कल वाजवायची.

काकांनी तुकडा लावला. बर्फ पडतंय. पुलावर एक म्हातारा होत चाललेला माणूस उभा. समोर बाई. तो हळूच काहीतरी बोलतो, आणि खाली अक्षरं उमटतात: तू चालतेस तेव्हा मला नेहमी एक पाऊल कमी ऐकू येतं...

ती बघत राहिली.

मग नक्कल लागली. बर्फाच्या जागी पाऊस. पुलाच्या जागी उंच कडा, मागे नाचणाऱ्या मुलींची रांग. नायकाचा शर्ट छातीपर्यंत उघडा. आणि तेच वाक्य, फक्त तीनदा, आणि तिसऱ्यांदा कडाडून वीज.

"पोरी, घ्यायचं ना?" काकांनी विचारलं. "ती चालत जाते, आणि एक पाऊल रिकामं सोडायचं."

तिनं पेटीतून उंच टाचेचे सँडल काढले. चालली. पाऊल, पाऊल, पाऊल... आणि रिकामी जागा. स्वतःला घातलेली मागणी स्वतःच्याच पायांनी वाजवली तिनं. एकदाही चुकली नाही.

"झकास!" काका म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पडदा बंद केला.

दुपारी तो मोज्यांवर आत आला, हातात दोन चहा. तिनं काकांना तो परदेशी तुकडा पुन्हा लावायला सांगितला. अक्षरं उमटली. त्याच्या हातातले पेले तसेच राहिले.

"अगं... मला खरंच आठवत नव्हतं."

"वा! मला मागणी घातलीस ती उतरवलेली, आणि आठवत नव्हतं?"

"शप्पथ सांगतो. पायऱ्यांवर ते आतून आलं. मला माझंच वाटलं." त्यानं पेले जमिनीवर ठेवले. "या सिनेमाची पानं मी दोन वर्षांपूर्वी लिहून दिली होती. त्याआधी असले ढीगभर. आता डोक्यात इतका माल पडलाय की... माझं कुठलं आणि आणलेलं कुठलं, मलाच कळत नाही."

तो खोटं बोलत नव्हता, आणि हेच तिला सहन होईना. खोटारड्याला हाकलून देता येतं. याचं काय करायचं?

"मग आत्ता बोल," ती म्हणाली. "स्वतःचं. कसंही असू दे, वेडंवाकडं. पण कुणी आधी बोललेलं नको."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ती थांबली. काचेपलीकडे काकांनी उगाचच बटणं पुसायला घेतली.

"येत नाहीये," तो शेवटी म्हणाला.

"सापडलं की ये. नाही सापडलं, तर येऊ नकोस. मी आता थकलेय रे. उसन्या प्रेमाला आवाज देऊन देऊन थकलेय. निदान माझ्या घरात तरी ते नको."

तो गेला. दारापाशी वाकून बूट घातले, आणि गल्लीभर कर्र, कर्र वाजत गेलं. ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

तो आला नाही. मारामाऱ्या झाल्या, ऑपरेशन झालं, आईला दिसायला लागलं. चादरीचं दुसरं टोक तिनं खिळ्याला बांधलं. काका एकदा म्हणाले, "शेठशी भांडण झालं म्हणे त्याचं. शेवटच्या प्रसंगासाठी शेठनं नवा परदेशी सिनेमा दिला, तर यानं तो परत केला. स्वतःच काहीतरी लिहून नेलं. शेठनं पानं तोंडावर फेकली."

"काय होतं त्यात?"

"कुणास ठाऊक. शेठ म्हणाला, यात वीज कुठंय?"

शेवटी कळस आला. नायिकेचं विमान सुटतंय, नायक विमानतळावर धावतोय. पहारेकरी बाजूला होतात, म्हाताऱ्या आशीर्वाद देतात, आणि अख्खं विमान थांबतं, कारण वैमानिकालाही प्रेम कळतं. हा प्रसंग कुठून आणला हे शोधायलाही कुणाला उत्साह नव्हता. तिनं पुरुषी बूट चढवले आणि फरशीच्या तुकड्यावर जागच्या जागी धावू लागली. धप, धप, धप. घाम फुटला. नायक नायिकेसमोर येऊन थांबतो. आता शांतता हवी. तिनं श्वास रोखला...

कर्रर्र!

काकांचा हात बटणाकडे गेला. पण 'कट' म्हणायचं ते विसरले.

तो दारात उभा होता. धापा टाकत. बूट काढायचे विसरून.

"लाल दिवा—" ती म्हणाली.

"पाहिला. आणि तरी आलो. थांबलो असतो तर मनातल्या मनात वाक्य जुळवलं असतं, आणि ते पुन्हा कुणाचं तरी निघालं असतं." त्यानं कपाळ पुसलं. "सकाळपासून काही खाल्लं नाही. नोकरी गेली. भाडं महिनाअखेरीस द्यायचंय आणि..."

"हे काय सांगतोयस?"

"जे आहे ते! मी दुपारी चहा करतो, सवयीनं दोन पेले घेतो, आणि मग दुसरा ओतून देताना जीव जातो. म्हणून काल मी तोही प्यायलो. रात्रभर छातीत जळजळ. तू हवीयेस मला. एवढंच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मनातल्या मनात ऐकलेले सगळे सिनेमे तिनं चाळून पाहिले. जळजळीचं प्रेम कुठेच सापडेना.

"हेच लिहून नेलं होतंस शेठकडे?"

"हो. म्हणाला, असलं बघायला तिकीट कोण काढेल?"

"मी काढलं असतं," ती म्हणाली. बोलताना आवाज फाटला, आणि तो पुन्हा घ्यावा असं तिला वाटलं नाही.

"मग... पायऱ्यांवर बसायचं?"

"आधी जेव काहीतरी. मावशीनं डबा जास्त दिलाय. रोजच देते, मी नको म्हटलं तरी."

काचेपलीकडे काकांनी घसा खाकरला. "बाळांनो, रेकॉर्डिंग चालूच राहिलं. बोलणं पुसतो. पण शांततेत ती करकर शिरलीय, पुन्हा धावावं लागेल बाई."

तिनं पडद्याकडे पाहिलं. नायक तोंड उघडून तसाच थिजला होता, उसना माणूस, उसन्या विमानतळावर.

"काका, करकर राहू द्या," ती म्हणाली. "या अख्ख्या सिनेमात तेवढंच कुठून आणलेलं नाही."

मग तिनं नायकाचे बूट काढले, पेटीत टाकले, आणि डबा उघडला.