लाल रंगाखालची अंबुजा

रेवा तांबरमहून लोकलनं आली आणि दारातल्या हजेरीच्या मशीनपुढे तिनं चेहरा धरला. "थँक यू," चेहरा ओळखून मशीन म्हणालं. रोजचंच.

रेवा संशोधनासाठी यायची त्या मैलापूरच्या संग्रहात जुन्या फोटो स्टुडिओंच्या काचेच्या निगेटिव्ह होत्या. त्या स्कॅन करून वेबसाइटवर चढवायच्या, म्हणजे जगभरचे अभ्यासक घरबसल्या बघणार. स्कॅनिंगच्या खोलीला खिडकी नाही, भिंती करड्या. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत असलं तरी आत अंधारच. तेव्हा भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं, तर खुशाल हसा!

आज काच होती संचालक विजयेंद्र सरांच्याच घराण्याची. तंजावरी मराठी कुटुंब, ओळीनं बसलेलं. मधल्या खुर्चीवर मात्र लाल रंगाचा जाड थर. पूर्वी फोटोतून माणूस उडवायचा तर काचेवर असा रंग फासत. छपाईच्या कागदाला लालमधून काही दिसत नसे, तिथं नुसतं पांढरं उमटे. आजच्या स्कॅनरला मात्र लालमधूनही दिसतं. फासणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार!

पडद्यावर हळूहळू एक बाई उमटली. भरघोस केस, हनुवटी वर. त्याच वेळी खोलीत खोबरेल तेलाचा वास आला, आणि मागे केसांतून फणी फिरल्यासारखा आवाज... रेवा वळली. कुणी नव्हतं.

सर दारात उभे होते. चेहरा पांढराफटक.

"अंबुजा," ते पुटपुटले. "आजोबांची बहीण. नवरा वारला, तरी केस काढू दिले नाहीत हिनं. वर नटून फोटोला बसली! आजोबांनी पुसली ते उगाच नाही. तुम्हीही पुसा, रेवाम्मा."

"नाही पुसणार, सर."

"मग उद्या संग्रहाचा पास ठेवून जा."

पास गेला की रेवाचं दोन वर्षांचं संशोधन पाण्यात. पण त्या बाईच्या हनुवटीकडे बघून तिला चीडच आली. "ठेवते. माझ्या हातून मात्र हे होणार नाही."

सर स्वतःच बसले. माउस फिरू लागला, केस गेले, कपाळ गेलं. वास इतका दाटला की घशात उतरला.

"रेवाम्मा... फणीचा आवाज येतोय?"

"कधीचा येतोय, सर."

त्यांनी घाईघाईनं रिकामी खुर्ची वेबसाइटवर चढवली आणि मूळ स्कॅन उडवून टाकला. आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा पास परत करायला आली, तर दारात सर घामाघूम उभे. वॉचमन व्यंकट मशीन पुसत होता. "सार, सरळ बघा," तो म्हणत होता.

मशीनच्या छोट्या पडद्यावर मागची भिंत होती, कॅलेंडर होतं, व्यंकटचा खांदाही होता. सर उभे होते तिथं नुसतं पांढरं.

"मी आहे ना रे?... व्यंकट, मी दिसतोय ना तुला?"

"दिसताय सार," व्यंकट म्हणाला, पण एक पाऊल मागे सरकला.

रेवा पुढे झाली. "सर, त्यांना परत जागेवर बसवू या."

"कशी? मी सगळं उडवलं..."

"काच आहे ना. मी पुन्हा स्कॅन करते. आणि पास देणार नाही."

सर बाजूला होऊन भिंतीला टेकले. रेवानं मशीनपुढे चेहरा धरला.

"थँक यू."

तिनं दार ढकललं. तिच्या मागे कुणी नव्हतं, सर तर अजून भिंतीपाशीच होते. तेवढ्यात ओलसर खोबरेलाचा वास आला आणि मशीन पुन्हा म्हणालं,

"थँक यू."

रेवानं मागे वळून पाहिलं. पण तिनं दार सोडलं नाही, उलट आणखी उघडं धरलं. "या," ती म्हणाली.

मग दोघींच्या मागून सर पुढे झाले आणि मशीनपुढे चेहरा धरून उभे राहिले. मशीन गप्पच होतं.